कला आणि विज्ञान एकाच छताखाली: असं संग्रहालय बघायचं कसं?

चित्रवेल

पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण नेदरलँड्सला जातोय. त्यातला एक अख्खा दिवस हार्लेम शहरातल्या टायलर्स म्युझियमसाठी राखून ठेवलाय. जीवाश्म, खनिजं, जुनी वैज्ञानिक उपकरणं, तैलचित्रं, रेखाटनं, नाणी असं सगळं तिथे एकाच वास्तूत आहे. पीटर टायलर नावाचा कापडाचा व्यापारी १७७८ साली वारला. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून हे उभं राहिलं आणि १७८४ पासून चालू आहे. त्या देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय.

धागा काढायचं कारण असं. मागच्या वर्षी अशाच एका जोड-संग्रहालयात गेलो होतो (नाव देत नाही). विज्ञानाच्या दालनांत चार तास कधी गेले कळलं नाही. चित्रांच्या मजल्यावर पोचलो तेव्हा बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. माझी लेक दहा वर्षांची आहे, सतत चित्रं काढत असते. दोन महिने तिला मी त्या चित्रांबद्दल सांगत होते आणि तिला अक्षरशः धावत धावत दाखवली. परतताना ती एक शब्द बोलली नाही. ते मनातून जात नाही.

या वेळी सोबत सासरे आहेत, निवृत्त यांत्रिकी अभियंता. मुलगा सहा वर्षांचा, बटण दिसलं की दाबणारा. नवऱ्याला दोन्हींत सारखाच रस. तर सुरुवात कुठून करावी? घरातल्यांनी वेगवेगळं फिरावं की एकत्र? आणि थोडा मोठा प्रश्न: कला आणि विज्ञान अशी एकत्र ठेवण्यात खरंच काही अर्थ आहे का, की दोन्ही अर्धवट पदरात पडतात?

पाऊलवाट

आधी चित्रं, मग यंत्रं. यंत्रं दमलेल्या माणसालाही जागं करतात, चित्रं नाही करत.

सांजवात

पाऊलवाटला अनुमोदन. आणि सासऱ्यांसाठी एक: बऱ्याच संग्रहालयांत घडीचं हलकं स्टूल मागितलं तर मिळतं. दारातच विचारा. पाय दुखायला लागले की माणूस वस्तू बघणं सोडून बाक शोधायला लागतो. मी वडिलांना घेऊन गेले होते तेव्हा हे फार उशिरा कळलं.

एकांत

माझं मत वेगळं आहे, आणि ते ठाम आहे. एकत्र ठेवू नयेत. चित्राला शांतता लागते. विज्ञानाच्या दालनात गलबला असतो, तरफा ओढायच्या असतात, पोरं ओरडत असतात, आणि ते तिथे बरोबरच आहे. पण शेजारच्या खोलीत एखादं दोन वीत मापाचं रेखाटन टांगलेलं असेल तर त्याचा आवाज कोणालाच ऐकू जात नाही. तुमच्या मुलीचं जे झालं ते अपघाताने झालेलं नाही, जोड-संग्रहालयात ते तसंच होणार. शिवाय आता ठिकठिकाणी ‘कला आणि विज्ञान’ असं नाव देऊन नुसते प्रोजेक्टरचे झोत भिंतीवर सोडतात. त्यात ना चित्र असतं ना प्रयोग.

मोरपीस

एकांत, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. सिंगापूरचं आर्टसायन्स म्युझियम मी मुलांबरोबर बघितलंय. मोशे साफ्दीने बांधलेली ती कमळासारखी वास्तू, २०११ ची. वरच्या पाकळ्यांमध्ये पडणारा पाऊस मधल्या झरोक्यातून धबधब्यासारखा आत खाली येतो. पोरं तिथे अर्धा तास मान वर करून उभी होती. आत मुलांनी कागदावर रंगवलेलं चित्र स्कॅन झालं की भिंतीवर हलायला लागतं. हे सगळं प्रोजेक्टरचंच काम आहे, मान्य. पण माझ्या धाकट्याने परतल्यावर आठवडाभर एकच प्रश्न लावून धरला होता, माझा मासा भिंतीला कसा कळला? प्रश्न पडला, म्हणजे माझ्या मते सहल वाया गेली नाही.

कुंचला

चित्रवेलताई, टायलर्सला जाताय म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. मी तिथे दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा एकाच खोलीत अडकलो.

सगळ्यात जुनं दालन अंडाकृती आहे. मध्ये खनिजांचं मोठं टेबल, भिंतीतल्या कपाटांत उपकरणं, वर चहूबाजूंनी पुस्तकांची माडी. ते दालन वरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडासाठी बांधलेलं आहे. ढग आला की खोलीचा चेहरा बदलतो. म्हणून ते संध्याकाळवर ठेवू नका.

आता मुलीसाठी एक गोष्ट. वायब्रांड हेन्ड्रिक्स नावाचा चित्रकार या संग्रहालयाचा पहिल्या काळातला व्यवस्थापक होता, तिथेच राहायचा. त्याने या अंडाकृती दालनाचं चित्र काढलंय. इंटरनेटवर सहज सापडेल. त्याची मोठी छापील प्रत काढून सोबत न्या, आणि तो ज्या जागी उभा राहिला असेल ती जागा मुलीला शोधायला सांगा. बाकी काहीही बघितलं नाहीत तरी चालेल.

एकांत, तुमच्या मुद्द्यावर एवढंच म्हणतो की या ठिकाणी ‘एकत्र ठेवले’ असं झालेलंच नाही. ते वेगळे कधी केलेच गेले नाहीत. त्या काळी सुशिक्षित माणसाच्या कुतूहलाला दोन खाती नव्हती.

दगडधोंडे

कुंचला यांनी खोली सांगितली, मी दगड सांगतो. जीवाश्मांच्या दालनात एक फिकट रंगाची शिळा आहे. मोठी कवटी आणि पाठीचा कणा स्पष्ट दिसतो. झुरिकचे वैद्य आणि निसर्गअभ्यासक योहान शॉइख्त्सर यांनी १७२६ मध्ये ती जगासमोर आणली आणि म्हटलं, हा बायबलमधल्या महाप्रलयात बुडून मेलेला माणूस. लॅटिनमध्ये नावच ठेवलं, ‘प्रलयाचा साक्षीदार मानव’. पुढे टायलर्सने ती शिळा विकत घेतली.

१८११ मध्ये जॉर्ज क्युविए हा फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ हार्लेमला आला. त्याला तो सॅलॅमँडर वाटत होता, म्हणजे बेडकांच्या गोत्यातला, शेपटी असलेला उभयचर. त्याने सॅलॅमँडरच्या सांगाड्याचं एक रेखाचित्र शिळेशेजारी ठेवलं आणि छिन्नीने दगड उकरायला घेतला. पुढचे पाय कुठे सापडायला हवेत ते चित्रावरून आधीच ठरलेलं होतं. खपली उडाली आणि हाडं नेमकी तिथेच निघाली! पुढे त्या राक्षसी सॅलॅमँडरला जे शास्त्रीय नाव मिळालं त्यात शॉइख्त्सरचं नाव आहे. चुकलेल्या माणसाचं नाव त्याच्या चुकीला कायमचं चिकटलं, पण सन्मानाने. मला हे फार आवडतं.

एकांत, इथे बघा. हाडं उघडी पडण्याआधी ती कागदावर होती. रेखाटणारा हात नसता तर छिन्नी नुसती अंदाजाने चालली असती.

त्याच दालनात आणखी एक फसवी शिळा आहे. १८५५ मध्ये जर्मनीत सापडली, उडणाऱ्या सरीसृपाची म्हणून नोंदली गेली आणि कपाटात पडून राहिली. १९७० मध्ये जॉन ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासकाने ती उजेडात तिरकी धरून पाहिली, तेव्हा पिसांचे पुसट ठसे दिसले. आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे पिसं असलेला आदिपक्षी! पुढे २०१७ मध्ये पुन्हा अभ्यास झाला आणि ती आर्किऑप्टेरिक्सहून वेगळी ठरली. आता तिचं नाव ऑस्ट्रोमिया. एकाच दगडाची तीन नावं. मुलांना पाटी वाचायच्या आधी दगड बघू द्या.

पारिजातक

दगडधोंडे काका, अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

खगोलवेडा

हात आणि डोळ्याचा विषय निघालाच आहे तर गॅलिलिओ आणलाच पाहिजे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि काढला. गॅलिलिओच्या काही महिने आधी. हॅरियटच्या त्या चित्रात उजेड आणि अंधाराच्या मधली दातेरी रेघ आहे, काही डाग आहेत, बाकी काही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने काढलेली चंद्राची जलरंगातली चित्रं बघा. उन्हं लागलेली शिखरं, सावलीत बुडालेली विवरं. त्याला छायाप्रकाश आणि यथादर्शन (म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवणं) येत होतं, १६१३ मध्ये फ्लोरेन्सच्या चित्रकला अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. हॅरियट उत्तम गणिती होता, पण सावली वाचायला शिकलेला नव्हता. म्हणून एकाला डाग दिसले आणि दुसऱ्याला डोंगर.

भिंगवाला

खगोलवेडा, ही गोष्ट मलाही प्रिय आहे, पण अर्धीच सांगितलीत. हॅरियटची ती दुर्बीण साधारण सहा पट मोठं दाखवणारी होती. गॅलिलिओने चंद्र काढला तोवर त्याच्याकडे वीस पटीची होती. आधी भिंगाचा फरक मोजा, मग चित्रकलेचा.

खगोलवेडा

भिंगाचा मुद्दा बरोबर, तो मी गाळायला नको होता. पण पुढचं ऐका. गॅलिलिओचं पुस्तक १६१० च्या मार्चमध्ये निघालं, आणि त्याच जुलैतल्या हॅरियटच्या चित्रात एकदम विवरं दिसायला लागतात. दुर्बीण तोवर त्याचीही सुधारली होती, हे कबूल. पण काय बघायचं ते गॅलिलिओच्या चित्रांनी त्याला दाखवलं, असं अनेक अभ्यासक मानतात.

भिंगवाला

हे मान्य. दोन्ही लागतं.

जुनी_वही

युरोपात रमलात सगळे, थोडं जहांगीरच्या दरबारातही या. उस्ताद मन्सूर. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’ म्हणजे ‘युगातला अद्वितीय’ अशी पदवी दिली होती. त्याने सायबेरियन क्रौंच असा काढलाय की पक्षितज्ज्ञ आजही पिसं ओळखतात. पाश्चात्य विज्ञानात त्या पक्ष्याचं रीतसर वर्णन झालं १७७३ मध्ये, मन्सूरनंतर शतकभराहून जास्त काळाने. आणि डोडो! साधारण १६२५ चं, मन्सूरचं मानलं जाणारं एक चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. जिवंत डोडो समोर ठेवून काढलेली रंगीत चित्रं जगात मोजकीच, त्यांतलं हे एक. चित्रकाराने नीट बघितलं म्हणून नामशेष झालेल्या पक्ष्याचा रंग आज आपल्याला माहीत आहे. आता हे चित्र कलेच्या दालनात लावायचं की प्राणिशास्त्राच्या? सांगा.

एकांत

जुनी_वही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतोय.

आडवाट

अवांतर: बडोद्याचं संग्रहालय कोणी बघितलंय का? सयाजीराव महाराजांनी उभारलेलं. संग्रहालयाची वास्तू १८९४ ची, चित्रदालन १९२१ मध्ये खुलं झालं. बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेली जैन कांस्यशिल्पं आहेत, युरोपीय तैलचित्रं आहेत, आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा. तो सांगाडा बघून वर गेलं की चित्रांतली माणसं एकदम लहान वाटायला लागतात. माझ्यासाठी जोड-संग्रहालय म्हणजे तेच.

टिपकागद

मी कागदाच्या जतनाचं काम करते, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. ती चित्रवेलच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

रेखाटनं, जलरंग, कापड यांच्या खोल्या अंधुक असतात. त्या वस्तूंवर साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पडू देतात. तैलचित्रांना सुमारे २०० पर्यंत चालतो. प्रकाशाने झालेली हानी भरून निघत नाही. ती साठत जाते. आज दहा तास आणि उद्या दहा तास म्हणजे वीस तास, मधल्या रात्रीचा काही उपयोग नाही. टायलर्सकडे मायकेलअँजेलो आणि राफाएलची रेखाटनं आहेत, पण ती सदासर्वकाळ मांडून ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच. त्यांची वाट बघत जाल आणि ती दिसणार नाहीत, असं होऊ शकतं. लेकीला आधीच सांगून ठेवा.

आता डोळ्यांचं. लख्ख दालनातून अंधुक खोलीत आलं की डोळ्याला सरावायला काही मिनिटं लागतात. लोक नेमकी तीच मिनिटं आत घालवतात, काही दिसत नाही म्हणतात आणि बाहेर पडतात. मी हे रोज बघते आणि रोज वाईट वाटतं. दारात पाच मिनिटं नुसते उभे राहा. मुलांना सांगा, डोळे शिजू देत. मग कागदाचा पोत दिसतो, शिसाची रेघ कुठे दाबली आणि कुठे उचलली ते दिसतं. म्हणून ‘आधी चित्रं’ हे पाऊलवाटचं म्हणणं बरोबरच, मी त्याला डोळ्यांचं कारण जोडते.

आणि फ्लॅश बंद, हे सांगायला नकोच.

मोरपीस

‘डोळे शिजू देत’ हे आजपासून आमच्या घरात वापरणार.

पाऊलवाट

सासऱ्यांसाठी कोणीच काही सुचवलं नाही! अभियंता आहेत, टायलर्सचा पहिला संचालक फान मारम याचं विद्युतयंत्र दाखवा. १७८४ मध्ये जॉन कथबर्टसनने बनवलं. काचेच्या दोन तबकड्या, एकेकीचा व्यास सुमारे १.६५ मीटर. माणसांनी हाताने फिरवायच्या आणि घर्षणाने वीज साठवायची. ठिणगी साठ सेंटिमीटर लांब उडायची. स्थितिविद्युतचं एवढं मोठं यंत्र त्याआधी कोणी बांधलं नव्हतं. शिवाय नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ १९१२ मध्ये लेडन विद्यापीठातलं पूर्णवेळ प्राध्यापकपद सोडून या संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागाचं काम बघायला हार्लेमलाच आले. म्हणजे हे नुसतं जुन्या वस्तूंचं घर नव्हतं, तिथे काम चालायचं.

सांजवात

सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र सावध. तिथे दाबायला बटणं फारशी नाहीत. त्याच्या हातात काहीतरी द्या. माझ्या भाच्याला आम्ही साधं भिंग दिलं होतं, त्याने काचेबाहेरून प्रत्येक खनिजाला नाक लावलं. रक्षक येऊन त्याला हसून मागे सारत होते.

एकांत

दोन दिवस विचार केला. माझा मुद्दा थोडा सुधारतो. गलबल्याबद्दल मी अजूनही ठाम आहे, दोन्ही दालनांमध्ये जाड भिंत हवी. पण मन्सूरचा डोडो आणि क्युविएचं रेखाचित्र यांना मी कुठल्याही एका बाजूला ढकलू शकलो नाही. अशा वस्तूंसाठी मधली खोली हवी. ती खोली वेगवेगळ्या संग्रहालयांत होणार नाही, हे मान्य करतो. चित्रवेल, मुलीला भरपूर वेळ द्या. घड्याळ तिच्या हातात द्या.

चित्रवेल

मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तांत मोठा आहे, पण तुम्ही इतकं दिलंत की थोडक्यात आटपणं बरं दिसणार नाही.

एकांत यांचं ऐकून घड्याळ खरोखर लेकीच्या मनगटावर बांधलं. ठरवलं की प्रत्येकाने दोनच वस्तू निवडायच्या, आणि ज्याची वस्तू असेल तो सांगेपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही. पाच जणांच्या दहा वस्तू. बाकी सगळं वाटेत दिसेल तेवढंच.

मायकेलअँजेलो नव्हता. टिपकागदताई, तुम्ही सांगून ठेवलं होतंत म्हणून लेक हिरमुसली नाही. अंधुक खोलीच्या दारात आम्ही पाचही जण पाच मिनिटं उभे. एक बाई आमच्याकडे बघून थांबल्या, त्यांना कारण सांगितलं, मग त्याही थांबल्या.

सॅलॅमँडरपाशी पाटी झाकून मुलांना विचारलं, हे काय आहे? लेक म्हणाली बेडूक. धाकटा म्हणाला, आजोबा. (आजोबा शेजारीच होते, खूप हसले.) मग शॉइख्त्सरची गोष्ट सांगितली तर धाकटा म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं त्याला चुकीच्या नावाने हाक मारत होते? म्हणून तो गप्प राहिला.” भिंगाची युक्ती चालली, सांजवात.

विद्युतयंत्र ही सासऱ्यांची पहिली वस्तू. तबकड्या कशावर तोलल्या आहेत ते बघायला तीन बाजूंनी फिरले. पण मला सांगायचंय ते त्यांच्या दुसऱ्या वस्तूचं. हेन्ड्रिक्सच्या चित्राची प्रत घेऊन लेक अंडाकृती दालनात फिरत होती. एकदा दारापाशी, एकदा कपाटापाशी, जागा काही जमेना. बाबांनी तिच्याकडून कागद आणि पेन्सिल घेतली. म्हणाले, खोली वाकडी आहे, भिंतींचा भरवसा नाही, सरळ कडा शोधू. मधल्या टेबलाच्या कडा पेन्सिलीने पुढे वाढवल्या. रेघा एका बिंदूत मिळाल्या. “इथे त्याचा डोळा होता, एवढ्या उंचीवर.” मग तिचा हात धरून दोन पावलं डावीकडे, एक मागे, आणि तिला म्हणाले, आता टाचा उंच कर.

तिने केल्या. चित्र आणि खोली एकावर एक बसली. ती माडी, ती पुस्तकं.

चाळीस वर्षं यंत्रांची आरेखनं केलेला माणूस. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली, पण त्यांना चित्र वाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या गाडीत दोघं एका कागदावर डोकं घालून बसले होते. ती त्यांना सावली शिकवत होती, ते तिला रेघ.

कुंचला

टेबलाच्या कडा! मी दोन्ही वेळा नुसत्या अंदाजाने उभा राहिलो होतो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

दगडधोंडे

वा. आणि ऑस्ट्रोमिया? पिसांचे ठसे दिसले का? फोटो टाका.

चित्रवेल

दिसले, पण बरंच तिरकं वाकून. फोटोत काहीच आलं नाही. लेकीने मात्र रेखाटलंय, ते उद्या स्कॅन करून टाकते.